आधीं मालकी, मागून दाखला : स्त्रियांच्या उद्योगांची सरकारी नोंदणी

आमच्या भंडारा जिल्ह्यांतील धानाची शेती स्त्रियांच्या हातांवर उभी आहे, ही गोष्ट कोणीही नाकारणार नाहीं. पऱ्हे उपटणें, रोवणा, निंदण, कापणी, आणि धान घरांत आल्यावर त्याची राखण व साफसफाई, ह्या साऱ्या कामांत बायांचा वाटा पुरुषांहून कमी नाहीं. कित्येक घरांत तो अधिकच आहे. परंतु कागद उलगडून पाहिले, तर सातबाऱ्यावर, बँकेच्या खात्यावर आणि धान विकल्याच्या पावतीवर नांव मात्र बहुधा पुरुषाचेंच आढळतें. काम एकीचें आणि नांव दुसऱ्याचें, असा हा जो व्यवहार आहे, त्यांतूनच प्रस्तुत लेखाचा विषय निघाला आहे.

अलीकडे आमच्या भागांतील शेतकरी घरांतून स्त्रिया पोहे, मुरमुरे, पापड, शेवया, तिखट-हळद, शिवणकाम अशा लहान उद्योगांत पडूं लागल्या आहेत. स्त्रीच्या मालकीच्या उद्योगास सरकारी दाखला मिळतो, आणि तो असला कीं सरकारी खरेदींत हिस्सा मिळतो, असें त्यांच्या कानीं येतें. मग प्रश्न सुरू होतात. दाखला कोठें मिळतो? त्यास पैसे किती पडतात? नांव कोणाचें घालावें? ह्या प्रश्नांचीं उत्तरें नीट न मिळाल्यामुळें कोणी मध्यस्थाच्या हातीं पैसे देऊन बसतें, तर कोणी भलतेंच नांव लिहून मोकळें होतें. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या ह्या लेखकास कागदांचा थोडाफार परिचय आहे. त्याचा उपयोग आपल्या वाचक बंधु-भगिनींस व्हावा, एवढ्याच हेतूनें हा पाठ लिहिला आहे.

फेरफार आणि दाखला

शेतकऱ्यास फेरफार म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. एखाद्यानें शेत विकत घेतलें, किंवा बापामागें तें मुलांकडे आलें, म्हणजे तलाठ्याच्या दप्तरीं नोंद करावी लागते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्याच्या १४९ व्या कलमाप्रमाणें हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. पुढें १५० व्या कलमाप्रमाणें नोंद होते, संबंधितांस नोटीस जाते, हरकत आल्यास तिची चौकशी होते, आणि मग नोंद प्रमाणित होते. येथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, फेरफार कोणासही जमीन देत नाहीं. जमीन खरेदीखतानें मिळते, वारशानें मिळते, वाटणीनें मिळते; फेरफार मिळालेला हक्क फक्त लिहून ठेवतो. फेरफाराच्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंही अनेक निकालांत सांगितलें आहे.

उद्योगाच्या दाखल्याचें तंतोतंत असेंच आहे. स्त्रीच्या मालकीचा उद्योग म्हणून दाखला मिळाल्यानें उद्योग स्त्रीचा होत नाहीं. तो आधींच तिचा असावा लागतो. भांडवल, खातें, वही आणि निर्णय हीं तिच्या हातीं असावीं लागतात. दाखला त्यावर शेवटचें शिक्कामोर्तब करतो. ज्या घरांत हा क्रम उलटा धरला जातो, तेथें दाखला मिळूनही उपयोग होत नाहीं, आणि पुष्कळदां तो त्या बाईच्याच गळ्याशीं येतो. ह्यास्तव पुढील सर्व माहिती वाचतांना हा क्रम ध्यानांत असूं द्यावा.

कोणता कागद

केंद्र सरकारच्या व्यवहारांत ह्या कामीं मुख्य उपयोगीं पडतो तो कागद म्हणजे उद्यम नोंदणीचें प्रमाणपत्र होय. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीं २००६ सालीं जो कायदा झाला, त्याखालीं ही नोंदणी होते. १ जुलै २०२० पासून ती सध्याच्या स्वरूपांत सुरू आहे. त्याआधीं २०१५ पासून उद्योग आधार नांवाची नोंद होती, ती आतां राहिली नाहीं. नोंदणीच्या अर्जांत उद्योगाच्या मालकाचें नांव, तो पुरुष कीं स्त्री, त्याचा सामाजिक वर्ग, उद्योगाचें ठिकाण, बँक खातें, कामावरील स्त्री-पुरुषांची संख्या आणि कामाचा प्रकार हीं लिहावीं लागतात. उद्योग स्त्रीचा आहे हें ह्याच नोंदींतून पुढें खरेदीदारास कळतें.

१ एप्रिल २०२५ पासून लागू असलेल्या मर्यादेप्रमाणें ज्याची यंत्रसामग्रींतील गुंतवणूक अडीच कोटि रुपयांपर्यंत व वार्षिक उलाढाल दहा कोटि रुपयांपर्यंत आहे, तो सूक्ष्म उद्योग समजला जातो. तेव्हां आपल्या गांवचे गृहोद्योग ह्या पहिल्याच वर्गांत बसतात. मात्र उद्योग ह्या शब्दाचा अर्थ येथें वस्तु तयार करणारा किंवा सेवा देणारा असा आहे. बांधींत धान पिकविणें ही शेती झाली. त्या धानाचे पोहे करून पिशवींत भरणें हा उद्योग झाला. दुसऱ्याचा तयार माल घेऊन केवळ विकणाऱ्या दुकानदारांसही २०२१ पासून नोंदणी करतां येते. पण त्यांस तिचा लाभ बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरताच आहे, सरकारी खरेदींतील सवलती त्यांस नाहींत.

ही नोंदणी पूर्णपणें विनामूल्य आहे. अर्जासोबत कोणताही कागद जोडावा लागत नाहीं. सांगणाऱ्याच्या शब्दावर नोंद होते. तिचें नूतनीकरणही करावें लागत नाहीं, माहितींत बदल झाल्यास ती सुधारून घ्यावी म्हणजे झालें. म्हणून नोंदणीची सरकारी फी म्हणून जो कोणी पैसे मागेल, तो फसवीत आहे असें खुशाल समजावें. सेवा केंद्रवाल्यानें अर्ज भरून देण्याची आपली मजुरी घेतली तर ती गोष्ट निराळी. पण ती मजुरी आहे, फी नव्हे, हें विचारून घ्यावें.

मालकी कशी मोजतात

सरकारी खरेदींत स्त्रीचा उद्योग कोणता समजावयाचा, ह्याचा नियम सोपा आहे. उद्योग एकट्या व्यक्तीचा असेल, तर ती व्यक्ति स्त्री असावी. भागीदारी असेल, तर शेकडा ५१ हून कमी नव्हे इतका हिस्सा स्त्रियांचा असावा. खाजगी कंपनी असेल, तर प्रवर्तकांच्या भागांपैकीं निदान शेकडा ५१ स्त्रियांकडे असावेत.

उदाहरण घेऊं. समजा, दोन जावा व त्यांचा धाकटा दीर असे तिघे मिळून पोह्यांचा उद्योग काढतात. थोरलीचा हिस्सा शेकडा ३०, धाकटीचा २५ आणि दिराचा ४५ असेल, तर स्त्रियांचा हिस्सा ५५ भरला. हा उद्योग स्त्रियांचा झाला. पण दोघींचे २५-२५ आणि दिराचे ५० असतील, तर दोन बाया आणि एक पुरुष असूनही तो स्त्रियांचा उद्योग होत नाहीं. डोकीं मोजीत नाहींत, हिस्सा मोजतात. म्हणून भागीदारीपत्र लिहितांनाच हा आंकडा विचारपूर्वक घालावा, आणि तें पत्र १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणें नोंदवून घ्यावें.

आणखी एक खोंच पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. उद्यम नोंदणींत भागीदारीसाठीं व्यवस्थापक भागीदाराचा आधार क्रमांक लागतो, आणि हिंदु एकत्र कुटुंबासाठीं कर्त्याचा. हिस्सा बायांचा अधिक, पण व्यवस्थापक म्हणून नांव दिराचें, असें असलें म्हणजे नोंदींत पुरुषाचें नांव पुढें येतें आणि पुढील घोटाळ्यास आरंभ होतो. ज्या घरांत बाईच खरोखर उद्योग चालविणार, तेथें एकत्र कुटुंबाच्या नांवानें नोंद न करतां तिच्या एकटीच्या नांवानें किंवा तिला व्यवस्थापक भागीदार नेमून नोंद करावी. बचत गट व सहकारी संस्था ह्यांस आपल्या संस्थेच्या नांवानें नोंदणी करतां येते.

क्रमानें पायऱ्या

पहिली पायरी खात्याची व वहीची. बँकेंत उद्योगाचें खातें त्या बाईच्या नांवें असावें आणि सही तिची असावी. जमा-खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. धान कितीचें घेतलें, मजुरी किती दिली, माल कोणास किती दरानें दिला, हें रोजच्या रोज लिहावें. वही सुंदर अक्षरांत नसली तरी चालेल, पण ती खरी असावी. बँकेचा अधिकारी असो कीं मोठा खरेदीदार असो, तो बाईच्या तोंडाकडे पाहत नाहीं, वहीकडे पाहतो.

दुसरी पायरी नांवाच्या मेळाची. आमच्याकडे लग्नानंतर मुलीचें नांव, बापाचें नांव व आडनांव तिन्ही बदलण्याची चाल आहे. त्यामुळें शाळेच्या दाखल्यावर माहेरचें नांव, आधारावर सासरचें, पॅनवर अर्धें इकडलें व अर्धें तिकडलें, आणि बँकेंत भलतेंच संक्षिप्त रूप, असा प्रकार सर्रास दिसतो. ह्या एका कारणानें जितके अर्ज अडून पडतात, तितके दुसऱ्या कशानेंही पडत नाहींत, असा ह्या लेखकाचा अनुभव आहे. तेव्हां प्रथम विवाह नोंदणीचा दाखला काढावा, लागल्यास नांवबदलाची राजपत्रांत प्रसिद्धि करून घ्यावी, आणि आधार, पॅन व बँक ह्या तीन ठिकाणीं अक्षरशः एकच नांव करून घ्यावें. आधारास जोडलेला मोबाईल त्या बाईच्याच हातांतील असावा; कारण नोंदणीच्या वेळीं येणारा गुप्त अंक त्यावर येतो, आणि तो नवऱ्याच्या खिशांत वाजत राहिला तर काम अडतें.

तिसरी पायरी जागेची. उद्यम नोंदणींत जागेचा कागद मागत नाहींत. पण बँक मागते आणि इतर परवाने देणारेही मागतात. घरांतच उद्योग असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढावा. घर किंवा जागा नवऱ्याच्या अथवा सासऱ्याच्या नांवें असेल तर त्याचें लेखी संमतिपत्र किंवा भाडेपट्टा करून घ्यावा. आपल्याच घरांत कसला भाडेपट्टा, असें हंसूं नये. घरांतील गोडवा हा व्यवहाराचा पुरावा होत नाहीं. शेतांत शेड घालावयाची असेल तर अकृषिक वापराचा नियम तहसिलींत आधीं विचारून घ्यावा.

येथेंच जमिनीवरील नांवाचा विचार येतो. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या १४ व्या कलमानें स्त्रीच्या ताब्यांतील मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची ठरली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणें हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं दिला, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून तो साऱ्या देशांत लागू झाला; हा हक्क जन्मानेंच मिळतो, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० च्या निकालांत स्पष्ट केलें. पत्नीच्या नांवाबद्दल म्हणाल, तर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें लक्ष्मीमुक्तीची जी चळवळ केली, तींत शेतकऱ्यांनीं आपणहून बायकोच्या नांवें जमीन करून द्यावी असा आग्रह होता. पुढें १९९२ सालीं राज्य सरकारनेंही लक्ष्मी मुक्ति नांवाची योजना काढून पतीच्या अर्जावरून सातबाऱ्यावर पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट करून दिली. ज्याची इच्छा असेल त्यानें ती वाट धरावी. बाईच्या नांवें थोडी जरी जमीन असली, तरी बँकेच्या दारांत तिचा शब्द वजनदार होतो.

चौथी पायरी प्रत्यक्ष नोंदणीची. वरील तीन नीट झाल्या असतील तर ही अर्ध्या तासाची आहे. पांचवी पायरी इतर परवान्यांची. खाण्याचा पदार्थ असेल तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना निराळा घ्यावा लागतो, आणि पिशवीवर वजन, किंमत, तयार केल्याची तारीख वगैरे छापावें लागतें. ह्या बाबतींत अडचण पडल्यास भंडारा येथील जिल्हा उद्योग केंद्रांत विचारणा करावी. स्त्रियांच्या गटांसाठीं राज्याचें महिला आर्थिक विकास महामंडळ आहे, त्याची स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ रोजीं झाली. त्याचाही उपयोग करून घ्यावा.

दाखल्यानें काय मिळतें

केंद्र सरकारनें २०१२ सालीं सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदी करण्याचा हुकूम काढला व २०१८ सालीं त्यांत दुरुस्ती केली. त्याप्रमाणें केंद्राचीं खातीं व केंद्राच्या मालकीच्या कंपन्या ह्यांनीं आपल्या वार्षिक खरेदीपैकीं निदान शेकडा २५ खरेदी अशा उद्योगांकडून करावयाची आहे. त्यांतच शेकडा ४ अनुसूचित जाति-जमातींच्या उद्योजकांकडून आणि शेकडा ३ स्त्रियांच्या उद्योगांकडून.

असे खरेदीदार आमच्यापासून दूर नाहींत. शहापूरजवळ जवाहरनगर येथें दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. तो १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ह्या केंद्राच्या कंपनीकडे आहे. तुमसर तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मॉयल ह्या केंद्राच्याच कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. अशा मोठ्या संस्थांस यंत्रांबरोबरच कपडे, पिशव्या, हातमोजे, फडकीं, छपाई, खानपान अशा साध्या गोष्टीही लागतात. सरकारी खरेदी आतां बहुतांशीं २०१६ सालीं सुरू झालेल्या जेम नांवाच्या सरकारी बाजारावरून होते. तेथें विक्रेता म्हणून नांव नोंदवितांना उद्यम क्रमांक द्यावा. स्त्रियांच्या मालासाठीं त्या बाजारांत २०१९ पासून वुमनिया नांवाचा स्वतंत्र विभागही आहे.

सवलती तीन. पहिली, निविदेचे कागद फुकट मिळतात आणि बयाणा रक्कम भरावी लागत नाहीं. दुसरी, दराची. समजा, एका संस्थेस ४,००० पिशव्या पाहिजेत आणि एका मोठ्या कारखानदाराचा सर्वांत कमी दर १०० रुपये आहे. आपल्या बाईचा दर ११२ रुपये आहे, म्हणजे शेकडा १५ च्या आंत आहे. अशा वेळीं ती १०० रुपयांवर उतरण्यास कबूल असेल, तर निदान चौथा हिस्सा, म्हणजे १,००० पिशव्या पुरविण्याची संधि तिच्यासारख्या सूक्ष्म व लघु उद्योगांस द्यावी लागते. असे उद्योग अनेक असतील तर तो हिस्सा त्यांत वांटला जातो. येथें बाईनें हिशेब करूनच होकार द्यावा. १०० रुपयांत आपला खर्च निघत नसेल तर नाहीं म्हणण्यांत कमीपणा नाहीं.

तिसरी सवलत पैसे वेळेवर मिळण्याची, आणि लहान उद्योगाच्या दृष्टीनें हीच सर्वांत मोठी. २००६ च्या कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणें लेखी करार असेल तर त्यांतील मुदतींत, पण कोणत्याही स्थितींत ४५ दिवसांच्या आंत, आणि करार नसेल तर १५ दिवसांच्या आंत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढ, व्याज द्यावें लागतें. आणि तंटा झाल्यास त्यासाठीं नेमलेल्या परिषदेकडे दाद मागतां येते. हा नियम खाजगी खरेदीदारासही लागू आहे. मात्र नोंदणी माल देण्याआधींची असावी. माल देऊन पैसे बुडल्यावर धांवत जाऊन केलेल्या नोंदणीवर भिस्त ठेवूं नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शेकडा ३ हा आंकडा संस्थेच्या साऱ्या वर्षाच्या खरेदीवर आहे, एकेका मागणीवर नाहीं. आणि तो कोणा एका बाईचा मागण्याचा हक्क नाहीं. दाखला असला तरी मालाचा दर्जा, वजन आणि वेळ ही पाळावी लागतेच. दाखल्यानें दार उघडतें; आंत जाऊन बसावयाचें तें मालाच्या जोरावर.

जात व अल्पसंख्याकत्व

आमच्या जिल्ह्यांत बौद्ध समाज मोठा आहे, म्हणून हा खुलासा अवश्य आहे. १९९० सालच्या दुरुस्तीनें बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांसही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. तेव्हां अशा घरांतील उद्योजक बाईस स्त्री म्हणून व अनुसूचित जातीची म्हणून, असे दोन्ही मार्ग खुले आहेत. शिवाय बौद्ध हे मुसलमान, ख्रिस्ती, शीख, पारशी व (२०१४ पासून) जैन ह्यांच्याबरोबर अल्पसंख्याक म्हणूनही जाहीर झालेले आहेत. पण केंद्राच्या खरेदींत धर्माच्या अल्पसंख्याकत्वास निराळा हिस्सा नाहीं; तो जातीस व स्त्रीत्वास आहे. अल्पसंख्याकांस कर्जासाठीं १९९४ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय महामंडळ व राज्याचें मौलाना आझाद महामंडळ हीं आहेत. कोणत्या कामीं कोणता दाखला लागतो, हें न पाहतां सर्व दाखल्यांचा गठ्ठा घेऊन हिंडणें व्यर्थ होय.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, आणि विवाहित स्त्रीची जात तिच्या माहेरावरून, म्हणजे वडिलांकडील पुराव्यावरून ठरते. अनुसूचित जातीसाठीं १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा व जमातीसाठीं ६ सप्टेंबर १९५० पूर्वींचा पुरावा उत्तम समजला जातो. त्या काळीं आमचा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताकडे होता. म्हणून जन्म-मृत्यूची कोतवाल पंजी, जुन्या शाळेचे दाखले व बंदोबस्ताचे कागद येथें उपयोगीं पडतात. माहेरीं आजोबांच्या वेळचा एखादा कागद असेल तर भावाकडून त्याची नक्कल आजच आणून ठेवावी.

नांव उसनें देऊं नका

आतां सर्वांत महत्त्वाचें. उद्योग पुरुषाचा आणि नांव तेवढें बायकोचें, असा प्रकार कांहीं ठिकाणीं चालतो. त्यांत काय बिघडलें, घर एकच ना, असें म्हणणारेही आहेत. बिघडतें तें हें. कर्जाच्या कागदावर सही तिची असते. हप्ता थकला तर नोटीस तिच्या नांवानें येते. कराची चौकशी झाली तर उत्तर तिनें द्यावयाचें, आणि तिला तर वही कोठें ठेवली आहे हेंही ठाऊक नसतें. नफा दुसऱ्याच्या हातीं आणि बोजा तिच्या डोक्यावर, असा हा सौदा आहे. शिवाय उद्यम नोंदणींत जाणूनबुजून खोटी माहिती देणारा कायद्याच्या २७ व्या कलमाखालीं दंडास पात्र होतो. आणि अशा प्रत्येक उसन्या नांवामागें एक खरीखुरी कष्ट करणारी बाई आपल्या हिश्शास मुकते, हें तर आणखीच वाईट.

अमेरिकेंत १९९४ च्या कायद्यानें सरकारी खरेदीपैकीं शेकडा ५ भाग स्त्रियांच्या उद्योगांसाठीं असावा असें उद्दिष्ट ठरलें. तेथेंही ५१ चाच आंकडा आहे; पण त्याबरोबर रोजचा कारभार स्त्रीच्या हातीं आहे काय हेंही तपासतात, आणि त्या राखीव कामांसाठीं केवळ स्वतःच्या सांगण्यावर भागविण्याची पद्धत त्यांनीं २०२० सालीं बंद केली. आमच्याकडे उद्यम नोंदणी अजून सांगणाऱ्याच्या शब्दावर आहे. शब्दावर ठेवलेला विश्वास मोडला, तर उद्यां तपासणीची कटकट प्रामाणिक बायांनाच सोसावी लागेल.

ह्याच्या उलट बाजूचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईंत गिरगांवांत सात बायांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांच्याजवळ तेव्हां दाखला नव्हता. पण हिशेब चोख होता, माल एकसारखा होता, आणि कामाची मालकी लाटणाऱ्या बायांचीच होती. संस्था म्हणून नोंदणी आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता त्यांस १९६६ सालीं, म्हणजे सात वर्षांनीं मिळाली. हाच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड होय. मालकी आधीं उभी होती, म्हणूनच मागून आलेली मान्यता टिकली.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा उद्योग चालूं आहे किंवा निघावयाचा आहे, त्यांनीं रोवण्याची गर्दी सुरू होण्यापूर्वीं तीन कामें उरकून घ्यावीं. बाईच्या नांवाचें खातें व वही सुरू करावी. तिचे आधार, पॅन व बँकेचे कागद शेजारीं शेजारीं ठेवून नांवांचा मेळ पाहावा. आणि भागीदारी असेल तर हिश्शाचा आंकडा कागदावर घालावा. हीं तीन झाल्यावर नोंदणीस कोणा मध्यस्थाची गरज पडणार नाहीं. घरांतील पुरुषांनीं ह्या कामीं अर्ज भरावयास, तालुक्यास जावयास जरूर मदत करावी. परंतु सही, खातें आणि निर्णय हीं तिच्याकडेच राहूं द्यावीं. तसें झालें म्हणजे त्या दाखल्यावर लिहिलेलें नांव खरें ठरेल.